चौथा माइक

परिषदेत गेल्या गेल्या मला एक कळलं. तिथे माणसं आधी तुमच्या गळ्यातलं कार्ड वाचतात आणि मग चेहऱ्याकडे बघायचं की नाही ते ठरवतात. माझं कार्ड पिवळं होतं. लाल म्हणजे वक्ते, निळं म्हणजे कंपन्यांची माणसं आणि पिवळं म्हणजे विद्यार्थी. पिवळं दिसलं की समोरच्याची नजर माझ्या खांद्यावरून पार मागे निघून जायची, तिथे कोणी लाल कार्डवालं उभं असल्यासारखी. तासाभरात मी कार्ड उलटं फिरवून टाकलं. मग बिचारी माणसं जरा जास्त वेळ थांबायला लागली, अंदाज घेत.

मला वाईट वाटलं नाही, राग आला. राग मला मानवतो. वाईट वाटलं की मी दिवसभर काही कामाची राहत नाही.

मी साउंड इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. गाणारे गातात, वाजवणारे वाजवतात, आणि ते शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत नीट पोचवतो ते आम्ही. संगीत व्यवसायाची ही परिषद वर्षातून एकदा भरते, दोन दिवस. कॉलेजने आमच्या वर्गातल्या दोघींना पाठवलं होतं. एक मी आणि दुसरी फोल्डर. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण पहिल्या वर्षापासून तिच्या काखेत एक जाडजूड फोल्डर असतो आणि त्यात ती जन्मल्यापासूनची सगळी प्रमाणपत्रं असतात. आत्तासुद्धा तिने स्वतःची माहिती छापलेली शंभर कार्डं आणली होती आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्यातली साठ वाटलीही होती. त्यातलं एक तिने हात धुवायच्या जागी सफाई करणाऱ्या मावशींनाही दिलं.

"कोण कधी उपयोगी पडेल सांगता येतं का?" ती म्हणाली.

मला शंभर माणसं नको होती. मला एकच हवी होती. तिला सगळे कॅप्टन म्हणतात. मोठमोठ्या गायकांच्या दौऱ्यांत आवाजाची सगळी जबाबदारी तिची असते, आणि दरवर्षी ती आपल्या टीममध्ये एकच शिकाऊ माणूस घेते. एकच. अर्ज घेत नाही, चिठ्ठ्या घेत नाही, कुणाची शिफारस ऐकत नाही. या परिषदेत येते, मुलांशी दोन शब्द बोलते आणि जाताना माणूस ठरवून जाते. तो माणूस मला व्हायचं होतं, नाहीतर माझ्या पिशवीत दुसरं एक पत्र होतं. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या एका ऑफिसात मला सोमवारी रुजू व्हायचं होतं. बाबांनी ते पत्र वाचून म्हटलं होतं, "काय हरकत आहे? कानाला हेडफोन तिथेही लावायचाच आहे की." बाबा असे विनोद करतात आणि स्वतः हसत नाहीत.

कॅप्टनबद्दल एक गोष्ट मला आधीच्या वर्षीच्या मुलांकडून कळली होती. ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते. हॉलमध्ये आज काय ऐकलंस? लोक तिला तिच्याच भाषणातली वाक्यं म्हणून दाखवतात आणि तिथेच त्यांचा निकाल लागतो. मी कसली तशी फसते? मी वही उघडून पहिल्या रांगेत बसले, ती स्टेजपासून चांगलीच लांब होती, वक्ते काय बोलतात तिकडे सपशेल दुर्लक्ष केलं आणि आवाज ऐकला. डाव्या स्पीकरमधून बारीक गुणगुण. दुसऱ्या बाईंच्या कॉलरवरचा माइक त्यांच्या मण्यांच्या माळेला घासत होता. सूत्रसंचालक टेबलावर कागद सरकवायचा त्याची खरखर. चित्रफीत सुरू होताना झालेला धप्प आवाज. मी एकेक लिहीत गेले. संध्याकाळपर्यंत अकरा चुका भरल्या.

शेवटचं सत्र संपल्यावर कॅप्टनभोवती पिवळ्या कार्डांची रांग लागली. बाई ठेंगणी, केस अगदी बारीक कापलेले, पायात साधे कापडी बूट. माझ्यापुढे फोल्डर होती. तिने "आज मी ऐकलं की संगीत हे माणसं जोडण्याचं" असं काहीतरी सुरू केलं आणि कॅप्टनने तिचं कार्ड घेऊन तिला प्रेमाने बाजूला केलं.

"तू काय ऐकलंस?"

मी वही उघडलीसुद्धा नाही. पाठ होतं. अकराच्या अकरा चुका मी खणखणीत आवाजात सांगितल्या, मागच्यांनाही ऐकू जाईल अशा. मला वाटलं, मारलं मैदान.

"अकरा," कॅप्टन म्हणाली. "कान चांगले आहेत."

"थँक यू."

"आता त्याने काय केलं ते सांग."

"कोणी?"

"ज्याच्या चुका मोजल्यास त्याने." तिने मागे हात दाखवला. हॉलच्या अगदी शेवटी, दाराशेजारी, सगळे माइक जोडलेल्या मिक्सरच्या टेबलामागे एक टक्कल पडलेले गृहस्थ चष्मा कपाळावर ढकलून वायर गुंडाळत उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी वायर तशीच धरून मला हात केला. रागाने नव्हे, शेजारी भेटल्यावर करतात तसा. "ते काका माझ्या टीमचे. वीस वर्षं झाली. या हॉलचा आवाज माझीच माणसं सांभाळतायत."

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट असते. कुठल्याही हॉलमध्ये पाय टाकला की आधी मागे वळून बघायचं, मिक्सरवर कोण आहे. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला हे शिकवतात. मी दिवसभर स्टेजकडे तोंड करून बसले होते, कॅप्टनला मी दिसावी म्हणून, आणि मागे एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं आणि माझे कान तापले.

"सांगता येत नाही ना?" कॅप्टन म्हणाली. "उद्या अजून एक दिवस आहे." आणि तिने माझ्या मागच्या मुलाला तोच प्रश्न विचारला.

घरी जाताना बसमध्ये फोल्डर माझ्या शेजारी बसली होती. ती गप्प होती. तिने गप्प बसणं हा माझा सगळ्यात मोठा अपमान होता.

बाबा रफूचं काम करतात. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आहे. एक टेबल, एक वाकवता येणारा दिवा आणि रंगीत धाग्यांचे डबे. सिगारेटने जळलेला कोट, खिळ्याला अडकून फाटलेली शाल, उंदराने कुरतडलेली पँट असं सगळं त्यांच्याकडे येतं. मी घातलेल्या काळ्या जॅकेटच्या बाहीला गेल्या आठवड्यात माझ्याच वायरी जोडायच्या सोल्डरच्या गरम टोकाने भोक पडलं होतं, ते त्यांनी परिषदेसाठी बुजवून दिलं होतं. मी जॅकेट काढून खुर्चीवर फेकलं आणि झालं ते सगळं सांगून टाकलं.

"अकरा?" बाबा सुईत दोरा ओवत म्हणाले.

"अकरा. आणि सगळ्या खऱ्या होत्या. एकही खोटी नव्हती."

"असतील की. माझ्या दुकानात येऊन कोणी नुसती भोकं मोजली तर तीही खरीच भरतील."

"मग तुम्ही काय म्हणाल त्याला?"

"चहा देईन आणि म्हणेन, या परत."

मला हसू आलं नाही. मी चिडून जॅकेट उचललं, आत जायला निघाले आणि काहीतरी सुचून बाही दिव्याखाली धरली. "कुठे होतं हो भोक?"

"सापडलं तर सांग."

मी बाही उलटीसुलटी करून पाहिली. बोट फिरवलं. माझंच जॅकेट, भोकही मीच पाडलेलं, तरी जागा हाती लागेना. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना ठाऊक होतं की ती सापडणार नाही. मी त्यांना चिकटून थोडा वेळ तिथेच बसले. लहानपणापासून त्या खोलीत बसून मी अभ्यास केला, भांडले, रडले, पण ते नेमकं काय करतात याकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. याची मला लाज वाटली आणि मी ते त्यांना बोलून दाखवलं.

"बघण्यासारखं काही राहू नये म्हणून तर करतो," ते म्हणाले. "जा, जेवून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोल्डरने पहिल्या रांगेत माझ्यासाठी जागा धरली होती. मी तिला हात केला आणि सरळ मागे गेले. काकांच्या टेबलाशेजारी एक खुर्ची होती, तिच्यावर वायरींची टोपली.

"काका, बसू का इथे? काही बोलणार नाही."

त्यांनी मला ओळखलं. "अकरा ना तू? बस. टोपली खाली ठेव. त्यातली डाव्या स्पीकरची वायर बदलली मी सकाळी. बरोबर होतं तुझं."

हे काल ऐकलं असतं तर मी दोन बोटं उंच झाले असते. आज मी टोपली खाली ठेवली आणि बसले.

पहिला अर्धा तास मला काहीच दिसलं नाही. स्टेजवर चार माणसं, चौघांच्या कॉलरला माइक, आणि काकांच्या समोर चार फेडर. फेडर म्हणजे वर-खाली सरकणारी कळ. वर नेली की आवाज वाढतो, खाली आणली की बुडतो. काकांची चार बोटं चार फेडरवर ठेवलेली. मिक्सरकडे ते बघतच नव्हते. ते स्टेजकडे बघत होते, आणि बोटं अधूनमधून आपली आपण हलत होती. मला वाटलं, सवय असेल.

मग तिसरे वक्ते खोकले. मी ते पाहिलं. त्यांची मूठ तोंडाशी गेली, खांदे हलले, चेहरा लाल झाला. पण स्पीकरमधून काहीच आलं नाही. मी काकांच्या हाताकडे पाहिलं. तिसरा फेडर तळाला होता आणि तेवढ्यात वर यायला लागला होता. वक्ते बोलायला लागले तेव्हा त्यांचा पहिला शब्द अख्खा ऐकू आला.

खोकला आल्यावर फेडर खाली आणला तर उशीर झालेला असतो. म्हणजे काकांनी तो आधीच आणला होता.

मी वही काढली आणि काल रिकाम्या ठेवलेल्या बाजूला लिहायला लागले. दुसऱ्या बाई बोलायच्या आधी ओठ चाटतात, काकांचं बोट तेव्हाच वर जातं. पहिले गृहस्थ पाणी पितात, घोट ऐकू येत नाही. चौथे शिंकणार असतील तर आधी छताकडे बघतात. काल दिवसभर मी या हॉलमध्ये बसले होते. चार-चार माणसांची पाच सत्रं झाली होती, आणि मला एकही खोकला, एकही घोट, एकही शिंक ऐकल्याचं आठवत नव्हतं. त्यावरून मी काय ठरवलं होतं? की लोकांना खोकला आलाच नाही!

"कसं कळतं हो तुम्हाला?" दोन सत्रांच्या मधल्या वेळेत मी विचारलं. न बोलायचं वचन मी जवळजवळ दोन तास पाळलं होतं, माझ्या मानाने हे फार झालं.

"बोलायला श्वास घेतात तेव्हा पोट पुढे येतं," काका म्हणाले. "खोकायच्या आधी खांदे वर जातात. हसण्यातून खोकला येतो तो अवघड. हसू लोकांना ऐकू जायला हवं आणि खोकला नको. मध्ये अगदी थोडी जागा असते."

दुपारी कॅप्टन कॉफीचा कप घेऊन काकांकडे आली. मी उभी राहिले. तिने प्रश्न परत विचारला नाही, नुसती थांबली.

"काल मी हॉलमध्ये एकही खोकला ऐकला नाही," मी म्हटलं. "आज कळलं की ते काकांचं काम होतं."

"आणि?"

"आणि माझ्या अकरा खऱ्याच आहेत. त्या मी मागे घेत नाही."

काका खोकल्यासारखं हसले. कॅप्टनने कॉफीचा घोट घेतला आणि माझं उलटं फिरवलेलं कार्ड दोन बोटांनी सरळ केलं. "सोमवारी काय करतेयस?"

मी तिला त्या पत्राचं खरं सांगितलं.

"शेवटच्या सत्रात मी स्टेजवर आहे. चौथा माइक माझा. तो तू सांभाळ. काका बाकीचे तीन बघतील आणि तुझ्या हाताला हात लावणार नाहीत. माझा घसा दोन दिवस धरलाय. एक जरी खोकला हॉलमध्ये ऐकू आला तर सोमवारी त्या ऑफिसात जा, माझी काही तक्रार नाही. नाही आला तर माझ्याकडे ये." ती जाताना थांबली. "आणि भीतीने फेडर खालीच ठेवू नकोस. माझा शब्द तुटला तरी तेच."

सत्र सुरू झालं तेव्हा हॉल गच्च भरला होता. मी काकांच्या शेजारी उभी होते, बोट चौथ्या फेडरवर. बाबांच्या टेबलाशी बसून मी हजार वेळा सुईत दोरा ओवून दिला आहे, माझा हात असा-तसा चुकत नाही. स्टेजवर काय बोलणं चाललं होतं ते मला विचारू नका. मला फक्त कॅप्टनचे खांदे दिसत होते.

दहाव्या मिनिटाला खांदे वर गेले. बोट खाली, खोकला, बोट वर. हॉलला पत्ता नाही. विसाव्या मिनिटाला पुन्हा. एकदा तिने नुसतीच मान सावरली आणि मी फसून फेडर खाली नेला, पण ती बोलायला तोंड उघडायच्या आत परत आणला. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी नक्की चुकले असते.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पहिल्या रांगेतून फोल्डर उठली. फोल्डर छातीशी धरून तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या टीममध्ये यायचं असेल तर आम्ही विद्यार्थ्यांनी नेमकं काय करावं? कारण मी तर साठ जणांना कार्डं दिली, आणि मला आत्तापर्यंत एकाच मावशींचा फोन आलाय."

सगळा हॉल हसला. कॅप्टनही हसली, अगदी मनापासून, मान मागे टाकून. आणि मला कळलं, हा तोच. हसण्यातला.

तिचं हसू मी जाऊ दिलं. ते हॉलभर पसरलं, लोक आणखी हसले. मी खांद्यांवर नजर रोखून ठेवली. हसता हसता ते अर्धा इंच वर सरकले आणि मी बोट तळाला नेलं. कॅप्टन खोकली. चांगली तीनदा खोकली, वाकून, मूठ तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हॉलमध्ये त्यातलं काहीही पोचलं नाही. लोक अजून हसतच होते. ती सरळ झाली, तिचं पोट पुढे आलं, मी फेडर वर नेला.

"आत्ता," ती म्हणाली, आणि तो शब्द पहिल्या अक्षरासकट शेवटच्या भिंतीपर्यंत आला. "आत्ता हॉलमध्ये तुम्हाला कुणाला काही खटकलं का? काही नको ते ऐकू आलं?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी माना हलवल्या, कुणी नाही नाही म्हटलं. फोल्डरने गोंधळून स्वतःच्या फोल्डरकडे पाहिलं, त्यातून काही पडलं की काय म्हणून.

"नाही ना? मग या वर्षीची जागा भरली," कॅप्टन म्हणाली. "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी तुला चहा घेताना सांगते. पुढचा प्रश्न."

माझे डोळे भरून आले आणि मला समोरचं धूसर दिसायला लागलं. काकांनी कोपराने मला हळूच ढोसलं. "खांद्यांकडे बघ," ते पुटपुटले. "सत्र संपलं नाहीये अजून."

मी बाहीने डोळे पुसले आणि बोट फेडरवर ठेवून पुढे पाहिलं. हॉलमध्ये तीनशे माणसं होती. त्यातल्या एकानेही मागे वळून पाहिलं नाही.